डॉक्टर थॉमस चामर्स : गरिबांच्या दारी शिकलेले पाळक

खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार निघत असतो. मंडळीतील एखादी विधवा, अंथरुणास खिळलेला एखादा मजूर, किंवा पाऊस न पडल्यामुळे ज्यांचे हात रिकामे झाले असे एखादे कुटुंब, ह्यांस साहाय्य कोणी करावे आणि ते कोणत्या रीतीने करावे? कोणी म्हणतात, ते मिशनचे काम आहे. कोणी म्हणतात, ते सरकारचे आहे. कोणी म्हणतात, दानपेटीत जे पडेल ते सणाच्या दिवशी वाटून टाकावे म्हणजे झाले. ह्या प्रश्नाचा विचार सुमारे दोनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंड देशातील एका पाळकाने केला. तो त्यांनी घरोघर फिरून केला, आणि आपल्या सोबत्यांस बरोबर घेऊन केला. त्यांस जे साधले ते, आणि जे साधले नाही तेही, आमच्या वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

थॉमस चामर्स ह्यांचा जन्म १७ मार्च १७८० रोजी फाईफ परगण्यातील अ‍ॅन्स्ट्रथर नावाच्या समुद्रकाठच्या लहान गावी झाला. चौदा भावंडांत ते सहावे. वडील व्यापारी असून देवभीरू होते. मुलगा बुद्धीने तीव्र निघाला, आणि वयाची बारा वर्षे पुरी होण्यापूर्वीच सेंट अँड्र्यूज येथील विद्यापीठात गेला. गणितावर त्याचे मन फार जडले. १८०३ साली किल्मनी नावाच्या खेड्यात त्यांची पाळक म्हणून नेमणूक झाली, तरी त्यांचे चित्त विद्यापीठातील गणिताच्या वर्गाकडेच ओढ घेई. १८०५ साली त्यांनी नाव न घालता एक लहान पुस्तक छापले. पाळकाने आपली कर्तव्ये पुरी केल्यावरही आठवड्यातील पाच दिवस त्यास शास्त्राभ्यासासाठी मोकळे राहतात, असे त्यात प्रतिपादन केले होते. गावातील लोकांच्या जिवाचे ओझे त्यांच्या खांद्यास तेव्हा लागलेच नव्हते.

पुढे देवाने त्यांस निराळ्या शाळेत घातले. एक भाऊ व एक बहीण क्षयाने वारली, आणि १८०९ साली ते स्वतः फार आजारी पडले. कित्येक महिने खोलीबाहेर पडवेना. त्या दिवसांत मरण समोर दिसू लागले, तेव्हा आपण लोकांस नीतीचा उपदेश करीत आलो परंतु तारणाऱ्याची ओळख स्वतः करून घेतली नाही, हे त्यांस कळून चुकले. विल्बरफोर्स साहेबांचे पुस्तक वाचून ख्रिस्ताच्या कृपेवर विसंबण्याचा मार्ग त्यांस दिसला. आजारातून उठले ते दुसरेच मनुष्य होऊन.

हा पालट प्रथम कोणास दिसला? त्यांच्या येथे वारंवार येणाऱ्या एका साध्या शेजाऱ्यास. तो पूर्वी त्यांस सरळ बोलून दाखवी की, मी केव्हाही आलो तरी तुम्ही कोणत्या ना कोणत्या उद्योगात असता, परंतु शाब्बाथाच्या तयारीत कधी दिसत नाही. त्यावर त्यांचे उत्तर असे की, त्यास शनिवारच्या संध्याकाळचा तासदोन तास पुरे होतो. आजारानंतर तोच गृहस्थ आला, तेव्हा त्यास ते नेहमी पवित्र शास्त्र उघडून बसलेले दिसू लागले. त्याने तसे म्हणताच, कितीही वाचले तरी थोडेच होते, असे त्यांनी सांगितले. विद्वान पाळकाची चूक एका साध्या मनुष्याने दाखविली, आणि तिची आठवण पाळकाने जन्मभर ठेविली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१८१५ साली ग्लासगो शहरातील ट्रॉन मंडळीने त्यांस बोलाविले. ग्लासगो त्या काळी झपाट्याने वाढत होते. कापसाच्या गिरण्या निघाल्या होत्या, खेड्यांतून व आयर्लंडातून मजुरांचे लोंढे येत होते, आणि अरुंद गल्ल्यांत माणसे दाटीने राहत होती. पाळकाच्या देखरेखीखाली जो ठराविक भाग असतो त्यास तिकडे पॅरिश म्हणतात. ट्रॉन पॅरिशात दहा हजारांवर वस्ती होती. चामर्स साहेबांच्या उपदेशास श्रीमंत लोकांची एवढी गर्दी होई की बसावयास जागा मिळेना. परंतु मंदिराभोवतीच्या गल्ल्यांतील गरिबांपैकी आत येणारे थोडे, हे पाहून त्यांचे समाधान होईना. शिवाय पाळकांचा वेळ नाना सभांत जाई. गरिबांच्या दवाखान्यात कोणत्या मांसाचा रस्सा द्यावा, असल्या वादातही त्यांस बसावे लागे. तेव्हा त्यांनी सर्व पॅरिशभर घरोघर फिरण्यास आरंभ केला. कित्येक घरांत एकाही पाळकाचे पाऊल कधी लागले नव्हते, आणि मुलांस अक्षरओळख नव्हती.

ह्या फिरण्यातून पहिली गोष्ट निघाली ती शाब्बाथ शाळांची. १८१६ साली त्यांनी काही तरुण गृहस्थ जमविले. प्रत्येकाने शहराची एकेक लहानशी आळी आपली म्हणून घ्यावी, तेथल्या प्रत्येक दारी जावे, आणि तेथलीच मुले जमवून तेथेच शाळा भरवावी, असे ठरले. मुले मंदिराकडे येण्याची वाट पाहावयाची नाही, शिक्षकाने मुलांकडे जावयाचे. शिक्षकांनी वेळोवेळी एकत्र बसावे, मुलांचे लक्ष कशाने लागते, मारण्याने सुधारतात की समजाविण्याने, हे आपापल्या अनुभवावरून एकमेकांस सांगावे, आणि जे चुकले ते सोडून द्यावे, अशी रीत पडली. दोन वर्षांत मुलांची संख्या हजारावर गेली. ह्याच शिक्षकांत डेव्हिड स्टो नावाचा एक तरुण व्यापारी होता. सॉल्टमार्केट नावाच्या बदनाम वस्तीत शिकविताना त्यास जे उमगले त्यावरून पुढे त्याने १८३७ साली ग्लासगोत शिक्षक तयार करण्याची मोठी शाळा स्थापिली. मुलांस शिकविण्यास गेलेली माणसे स्वतः शिकून परतली, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो. १८१९ साली सेंट जॉन ह्या नावाचे नवे पॅरिश करून ते चामर्स साहेबांकडे देण्यात आले. वस्ती सुमारे दहा हजार, कुटुंबे दोन हजारांच्या आसपास, आणि बहुतेक सर्व विणकर व गिरणीमजूर. शहराच्या अत्यंत गरीब भागांपैकी हा एक होता. त्या काळी ग्लासगोत गरिबांसाठी घरमालकांवर सक्तीची पट्टी बसविलेली असून तिचा पैसा शहराच्या एका कचेरीतून वाटला जाई. देणाऱ्यास घेणारा ठाऊक नाही, घेणाऱ्यास देणारा ठाऊक नाही, आणि खर्च मात्र वर्षानुवर्षे वाढत जाई. चामर्स साहेबांनी शहराच्या अधिकाऱ्यांकडे मागणे केले की, आमच्या पॅरिशात आम्हांस निराळी रीत चालवू द्या. मंदिराच्या दारी जे दान जमते तेवढे आमच्या हाती असू द्या, म्हणजे नव्या गरिबांसाठी तुमच्या पट्टीतून आम्ही एक पैसाही मागणार नाही.

मग त्यांनी पॅरिशाचे पंचवीस भाग केले. एकेका भागात साठापासून शंभरापर्यंत कुटुंबे होती. प्रत्येक भागावर आत्मिक कामासाठी एक वडील आणि गरिबांच्या कामासाठी एक सेवक, ज्यास डीकन म्हणतात, असे नेमले. प्रेषितांनी यरुशलेमेच्या मंडळीत विधवांच्या रोजच्या अन्नासाठी सात पुरुष निवडिले होते, त्यांचीच ही जागा असे ते समजत. मंडळीत डीकनाचे काम नावापुरते उरले होते, त्यास त्यांनी पुन्हा जीव दिला.

डीकनाचे काम असे होते. कोणी साहाय्य मागितले की त्याने स्वतः त्या घरी जावे. पहिला प्रश्न हा की, ह्या मनुष्यास काम करता येईल काय, आणि येत असल्यास ते मिळवून देता येईल काय? दुसरा प्रश्न, त्याचे मुलगे, भाऊ, आप्त कोणी आहेत काय, आणि त्यांस आपल्या कर्तव्याची आठवण देता येईल काय? तिसरा, शेजारीपाजारी काय करीत आहेत? हे सर्व होऊनही गरज उरली, तर शेजारच्या भागाच्या डीकनास बरोबर घेऊन पुन्हा चौकशी करावी, म्हणजे एकट्याच्या रागालोभास वाव राहू नये. नंतर सर्व डीकनांच्या सभेपुढे ती गोष्ट ठेवावी, आणि सर्वांच्या विचाराने मंडळीच्या कोषातून साहाय्य द्यावे.

ह्या सभेत काय होत असे ते ध्यानात घ्या. हे डीकन व्यापारी, कारकून, दुकानदार असे नित्याच्या उद्योगातील लोक होते. गरिबांविषयी त्यांची मते घट्ट बसलेली होती. एकास वाटे, गरीब सारे आळशी. दुसऱ्यास वाटे, मागेल त्यास द्यावे हाच धर्म. घरोघर जाऊन, पाहून, परत येऊन एकमेकांस सांगताना दोघांचीही मते बदलली. गरिबांच्या आळीत शेजारधर्म जिवंत आहे हे त्यांस दिसले. पोरक्या मुलांस शेजारीण आपल्या घासातला घास देते, आजाऱ्याजवळ रात्र जागवावयास पुरुष येतात, आणि ह्याचा कोठे गाजावाजा नाही. कचेरीचा पैसा आंधळेपणाने आला म्हणजे ही माया आटते, असा त्यांचा अनुभव झाला. काही काळाने चामर्स साहेबांनी डीकनांस लेखी प्रश्न पाठवून त्यांचा किती वेळ ह्या कामी जातो ते विचारिले. भाग लहान असल्यामुळे फार थोडा जातो, अशी उत्तरे आली. चांगली माणसे काम नाकारितात ती पुष्कळदा मन नाही म्हणून नव्हे, तर काम अफाट दिसते म्हणून, आणि ते लहान करून हाती दिले म्हणजे उचलितात, हे ह्यावरून सिद्ध झाले.

पैशाच्या दृष्टीने परिणाम आश्चर्यकारक झाला. पूर्वी त्या भागातील गरिबांवर वर्षास सुमारे १४०० पौंड खर्च होत, ते चार वर्षांत २८० पौंडांवर आले. १८१९ व १८२० ही साली हातमागवाले विणकर बेकार होऊन शहरात मोठी खळबळ माजली होती, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या कामाचे मोल अधिकच वाटते. दिवसाच्या शाळाही त्यांनी काढल्या. तेथे फी थोडी असे, परंतु अगदी फुकट नसे, कारण जे आईबाप आपल्या कमाईतून काही देतात ते मुलास शाळेतही पाठवितात, असे त्यांचे मत होते.

परंतु चरित्र सांगणाराने एकच बाजू सांगू नये. चामर्स साहेब १८२३ साली ग्लासगो सोडून गेले. त्यांची रीत त्यांच्या मागे चौदा वर्षे चालली, आणि १८३७ साली बंद पडली. शहरातील इतर पॅरिशांनी ती उचलली नाही. सेंट जॉनच्या लोकांस आपल्या गरिबांचा भार वाहून शिवाय शहराची पट्टीही भरावी लागे, हे दुहेरी ओझे शेवटी असह्य झाले. दुसरे असे की, जेथे सर्व आळीचेच काम बुडाले तेथे शेजारी शेजाऱ्यास कोठून देणार? खर्च कमी झाला एवढ्यावरून दुःख कमी झाले असे म्हणता येत नाही. चौकशी प्रीतीने केली तर ती भेट होते. प्रीती गेली म्हणजे तीच चौकशी गरिबाचा अपमान होते. पुढे १८६९ साली लंडनात गरिबांची चौकशी करून साहाय्य देणारी मोठी सोसायटी निघाली. तिने चामर्स साहेबांचा कित्ता पुढे ठेविला होता, परंतु लायक गरीब कोण आणि नालायक कोण हे ठरविण्यातच तिचा पुष्कळ जोर गेला, असा दोष तिला लोकांनी दिला, तो अगदीच निराधार नव्हता. जर्मनीतील एल्बरफेल्ड शहराने १८५३ साली दोन्ही गोष्टी जोडल्या. पैसा शहराच्या तिजोरीतून, आणि भेट देणारे शेजारातले. एकेकाकडे चारांहून अधिक कुटुंबे नसत, आणि दर पंधरवड्यास ते एकत्र बसत. असा मेळ ग्लासगोत पडला असता तर बरे झाले असते.

ग्लासगोहून ते सेंट अँड्र्यूज येथे नीतिशास्त्राचे अध्यापक होऊन गेले. तेथे त्यांच्याभोवती विद्यार्थ्यांचे एक लहान मंडळ जमले. परदेशी मिशनांच्या वार्ता वाचाव्या, प्रार्थना करावी, गावातील गरीब मुलांच्या शाब्बाथ शाळा चालवाव्या, असा त्यांचा क्रम असे. ह्या मंडळातून सहा तरुण मिशनकार्यास वाहिले गेले. पुढे कलकत्त्यास नावाजलेले डॉक्टर अलेक्झांडर डफ त्यांतलेच. आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांस अधिक जवळचे म्हणजे रॉबर्ट नेस्बिट साहेब. हे १८२७ साली मुंबई इलाख्यात आले, कोकणपट्टीवर व नंतर पुणे-मुंबईस राबले, आणि मराठी भाषा इतकी उत्तम बोलू लागले की तिच्याविषयी त्यांची ख्याती झाली. १८५५ साली मुंबईस पटकीने त्यांचा अंत झाला. अशा रीतीने चामर्स साहेबांच्या खोलीतील दिव्याचा उजेड आमच्या देशापर्यंत आला आहे.

१८२५ साली स्कॉटलंडच्या मंडळीच्या महासभेत एका मनुष्याने पाळकपण व अध्यापकपण ही दोन्ही पदे एकदम धरावी की न धरावी, असा वाद निघाला. चामर्स साहेबांचे मत विरुद्ध होते. तेव्हा प्रतिपक्षाच्या एका गृहस्थाने वीस वर्षांपूर्वीचे ते निनावी पुस्तक काढून सभेत वाचून दाखविले. सर्वांचे डोळे त्यांच्याकडे लागले. त्यांनी उठून ते आपलेच असल्याचे कबूल केले. गणिताचा विषय लहान-मोठेपणाचे मोजमाप हाच आहे, तरी काळ किती लहान आणि अनंतकाळ किती मोठा, ह्या दोन मापांचाच आपणास त्या वेळी विसर पडला होता, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. सभा स्तब्ध झाली. जो आपली चूक चारचौघांत सांगू शकतो, त्याच्यापुढे इतरही आपल्या चुका सांगण्यास धजतात. त्यांचे सोबती एकत्र बसून शिकू शकत, त्याचे मूळ ह्यातच आहे असे आम्हांस वाटते.

१८२८ पासून ते एडिंबरो येथे ईश्वरविज्ञानाचे अध्यापक होते. १८ मे १८४३ रोजी, मंडळीवर तिच्या इच्छेविरुद्ध पाळक लादण्याच्या प्रश्नावरून, स्कॉटलंडच्या मंडळीत फूट पडली. सुमारे ४७० पाळक आपले पगार, घरे व मंदिरे सोडून बाहेर पडले, आणि त्यांनी फ्री चर्च स्थापून चामर्स साहेबांस पहिले सभापती केले. ह्या पाळकांचे पोट कसे चालणार? ह्याची तजवीज चामर्स साहेबांनी आधीच योजिली होती. प्रत्येक मंडळीने आठवड्याच्या लहान लहान वर्गण्या जमवाव्या, त्या एका मध्यवर्ती कोषात घालाव्या, आणि त्यातून सर्व पाळकांस सारखा वाटा मिळावा. त्यामुळे डोंगरातील कोळ्याधनगरांच्या मंडळीसही पाळक मिळाला. ग्लासगोच्या पंचवीस भागांत जे शिकले ते येथे सर्व देशास उपयोगी पडले. मुंबईचे डॉक्टर विल्सन, नेस्बिट साहेब इत्यादी मिशनरीही फ्री चर्चेस मिळाले, आणि त्यांस आपले काम नव्याने उभारावे लागले.

इतकी मोठी जबाबदारी डोक्यावर असता, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्यांनी पुन्हा एका गलिच्छ आळीची वाट धरिली. एडिंबरो शहरात वेस्ट पोर्ट नावाची वस्ती आहे. १८२८ साली प्रेते विकण्यासाठी तेथे माणसांचे खून पाडण्यात आले होते, म्हणून तिचे नाव काढताच लोक शहारत. १८४४ साली तेथील ४११ कुटुंबांची पाहणी केली, त्यांत २९६ कुटुंबांचा कोणत्याही मंडळीशी संबंध नाही असे आढळले. त्यांनी वस्तीचे वीस भाग केले, आणि एकेका भागातील सुमारे वीस घरे एकेका भेट देणाऱ्याकडे दिली. भेट देणारांनी एकत्र जमावे, काय पाहिले ते सांगावे, अडले तेथे सल्ला घ्यावा, हा जुना क्रम येथेही ठेविला. चामडी कमावण्याच्या एका जुन्या कारखान्यात प्रथम शाळा उघडली, मग माळ्यावर उपासना सुरू झाली. मुलींस शिवणकाम शिकविण्याची शाळा, वाचनालय, बचत पेढी, धुण्याची जागा अशा गोष्टी क्रमाने आल्या. १८४७ च्या फेब्रुवारीत तेथे मंदिर उघडले, आणि एप्रिलात प्रभुभोजनास शंभरावर लोक बसले, त्यांतील बहुतेक त्याच आळीतले. ते पाहून म्हाताऱ्या गुरूस फार आनंद झाला.

ह्याच काळात गरिबांविषयी देशभर मोठा वाद चालला होता. एडिंबरोचे डॉक्टर अ‍ॅलिसन नावाचे परोपकारी वैद्य म्हणत की, तापाच्या साथी उपासमारीच्या घरात वाढतात, आणि एवढे दारिद्र्य मंडळीच्या दानाने हटणारे नाही, कायद्याने तजवीज केली पाहिजे. १८४० साली त्यांचा व चामर्स साहेबांचा समोरासमोर वाद झाला. १८४५ साली सरकारने गरिबांसाठी नवा कायदा केला, तो वैद्यबुवांच्या बाजूचा. आज मागे वळून पाहता शहराच्या दारिद्र्याविषयी त्यांचेच म्हणणे अधिक खरे होते असे दिसते. परंतु १८४६-४७ साली बटाट्याचे पीक बुडून आयर्लंडात व स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात दुष्काळ पडला, तेव्हा चामर्स साहेबांनी काय केले ते पाहा. ज्यांनी जन्मभर सरकारी पट्टीस विरोध केला, त्यांनीच लेख लिहून सरकारने तिजोरी मोकळी करून उपाशी लोकांस सढळ हाताने वाचवावे असा आग्रह धरिला. दुष्काळापुढे आपल्या जुन्या मतास चिकटून राहणे त्यांस पाप वाटले.

तो लेख त्यांच्या अखेरच्या लिखाणांपैकी होय. ३० मे १८४७ च्या रविवारी रात्री ते नेहमीप्रमाणे निजावयास गेले. दुसऱ्या दिवशी महासभेपुढे कॉलेजाचा वृत्तांत ठेवावयाचा होता. सकाळी पाहतात तो ते प्रभूकडे गेले होते. त्यांच्या अंत्ययात्रेस सर्व शहर लोटले.

प्रिय उपदेशक बंधूंनो आणि मंडळीच्या पंचांनो, आपल्या वाडीत दहा हजार माणसे नाहीत, पंचवीस डीकनही नाहीत. परंतु तीस घरे असतील, आणि तीन भली माणसे खात्रीने मिळतील. प्रत्येकाने दहा घरे आपली म्हणावी. महिन्यातून एकदा आपल्या दहाही घरी जावे, कोण आजारी, कोणाचे मूल शाळेतून निघाले, कोण सावकाराच्या पेचात आहे, हे पाहावे. मग तिघांनी प्रार्थना करून एकत्र बसावे, आणि काय पाहिले ते एकमेकांस सांगावे. तेथील बोलणे चावडीवर नेऊ नये, कारण गरिबाची लाज हीही मंडळीची ठेव आहे. जे मंडळीच्या ताकदीतले आहे ते मंडळीने करावे. जे तिच्या ताकदीबाहेरचे आहे, जसे दुष्काळ किंवा साथ, त्यासाठी सरकारदरबारी अर्ज करण्यास लाजू नये, आणि शेजाऱ्याचा धर्म कोणता हेही पाहू नये. एक वर्ष असे करून पाहावे, आणि वर्षाच्या शेवटी विचारावे की, आपण काय शिकलो, आणि कोणती रीत बदलली पाहिजे? रीत बदलण्यात कमीपणा नाही. चामर्स साहेबांनी आपली मते, आपले दिवस आणि शेवटी आपली आवडती रीतही प्रभूच्या व गरिबांच्या कामापुढे बदलली.

प्रभू आम्हां सर्वांस दारोदार जाण्याचे पाय, ऐकण्याचे कान, आणि आपली चूक ओळखण्याचे नम्र मन देवो.